गोलरक्षकाची शिळाछाप

एदुआर्दो चिलिदा या बास्क शिल्पकाराने 1972च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी केलेल्या शिळाछाप चित्रात खेळाडू नाही, चेंडू नाही, मैदानही नाही. जाड काळ्या आकृत्या एकमेकींना भिडतात आणि त्यांच्या मधल्या फटींतून कागदाचा उजळ रंग वाट काढतो. नजर आधी काळ्यावर जाते. थोडा वेळ थांबले, की मोकळी राहिलेली जागाच चित्राचा विषय आहे हे जाणवते.

या ऑलिंपिकची एकूण दृश्य मांडणी ओटल आयखर यांच्याकडे होती. तिच्या जोडीला संयोजकांनी देशोदेशींच्या नामवंत चित्रकारांकडून स्वतंत्र कलाचित्रांची मालिका करून घेतली. जेकब लॉरेन्स यांनी धावपटू रंगवले. हान्स हार्टुंग, पिएर सूलाज, सेर्ज पोलिआकॉफ, माक्स बिल यांनी मात्र अमूर्ताचीच वाट धरली. भिंतीवर लावायची मोठी आवृत्ती आणि चित्रकाराच्या सहीची मोजकी आवृत्ती, अशी दोन्ही छपाई झाली.

चिलिदा खेळाला परका नव्हता. 1924 साली सान सेबास्तियान येथे जन्मलेला हा माणूस तरुणपणी रेआल सोसिएदाद या तिथल्या फुटबॉल संघाचा गोलरक्षक होता. गुडघ्याच्या दुखापतीने खेळ सुटला. मग वास्तुकलेचे शिक्षणही अर्धवट सोडून तो शिल्पकलेकडे वळला. गोलरक्षकाचे सारे काम मोकळ्या जागेशी असते: कोन किती उघडा आहे, कुठे सरकले की तो बुजेल, चेंडू किती वेळात पोहोचेल. गोलरक्षण आणि शिल्पकला यांचे हे नाते तो स्वतः सांगत असे. त्यामुळे त्याच्या चित्रात खेळ दिसत नाही ही तक्रार टिकत नाही. धावणारा माणूस काढला असता, तर एकच खेळ दिसला असता. इथे अडवणे आणि वाट काढणे आहे, आणि ते बहुतेक खेळांच्या मुळाशी असते.

शिळाछापाचा जन्मही म्युनिकचाच. आलोइस झेनेफेल्डर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे हे तंत्र शोधले. त्यासाठीचा उत्तम चुनखडीचा दगड बव्हेरियातल्याच झोल्नहोफेनचा. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्यावर सारे उभे आहे. घासून सपाट केलेल्या दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढतात, वर डिंक व सौम्य आम्ल लावतात. मग दगड ओला करून शाईचा रूळ फिरवला, की शाई फक्त रेखाटलेल्या भागाला धरते. कागदावर चित्र उलटे उमटते, म्हणून कलावंताला डावे-उजवे मनात फिरवून काढावे लागते. एकेका रंगाला सहसा वेगळा दगड लागतो.

महाराष्ट्राला हे तंत्र जुन्या ओळखीचे आहे. गणपत कृष्णाजी यांनी 1831 साली मुंबईत शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले. पुढे पुण्याच्या चित्रशाळेने आणि राजा रविवर्मा यांच्या छापखान्याने देवादिकांची रंगीत चित्रे घराघरांत पोहोचवली.

आवृत्ती पूर्ण झाली, की दगड बहुधा घासून पुन्हा कोरा करतात. पहिले चित्र मग फक्त छापलेल्या कागदांवर उरते.