खर्चाचा हिशेब लागतो, मजुरीचा कधी?

दारिद्र्य निर्मूलनाच्या योजनेवर किती कोटी खर्च झाले, हे संसदेत सांगणे कोणत्याही मंत्र्याला जड जात नाही. त्यातले किती गरिबाच्या हाती पडले, यावर मात्र सत्ताधारी आणि विरोधक आपापल्या सोयीचे अंदाज पुढे करतात. म्हणूनच बिहारमधील २०१२-१३ चा एक प्रयोग राजधानीतील धोरणकर्त्यांनी पुन्हा अभ्यासावा असा आहे.

ग्रामीण रोजगार हमीचा पैसा तोवर अंदाजांवर आधारित मागणीनुसार आगाऊ, अनेक प्रशासकीय पायऱ्या उतरत पंचायतीपर्यंत येत असे. सप्टेंबर २०१२ मध्ये १२ जिल्ह्यांतील ६९ तालुके, बिहारच्या भाषेत प्रखंड, सोडतीने निवडण्यात आले. तेथील पंचायतींनी झालेला खर्च व मजुरांची नावे संगणकावर नोंदवायची आणि तेवढीच रक्कम थेट मध्यवर्ती खात्यातून घ्यायची, असे ठरले. उरलेल्या १२६ प्रखंडांत जुनाच शिरस्ता राहिला. अभ्यासकांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व रोहिणी पांडे यांच्याबरोबर संतोष मॅथ्यू हे सनदी अधिकारीही होते.

नव्या पद्धतीत खर्च सुमारे २४ टक्क्यांनी घटला. केवळ एवढ्यावरून 'गरिबांचे काम कापले' असा आरोप सहज करता आला असता. परंतु स्वतंत्र घरोघर पाहणीत प्रत्यक्ष मिळालेले काम वा मजुरी घटल्याचे दिसले नाही. कागदोपत्री असलेली बनावट कुटुंबे कमी झाली. इतकेच नव्हे, तर योजनेच्या स्थानिक अधिकाऱ्यांनी स्वतः जाहीर केलेली मालमत्ताही उतरली. गळती थांबल्याचा याहून बोलका पुरावा क्वचितच हाती लागतो.

तथापि त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष फारसा उच्चारला जात नाही. मजुरी मिळण्यातील विलंब वाढला. तिजोरीचा पैसा वाचला, पण हातावर पोट असलेल्या मजुराची प्रतीक्षा लांबली. पुढे बिहारने स्थानिक विरोधापुढे हा प्रयोग गुंडाळला. केंद्राने मात्र ही पद्धत इतर राज्यांत नेली आणि तेथे खर्चातील १९ टक्क्यांची घट टिकून राहिली.

महाराष्ट्राने १९७७ च्या कायद्याने घालून दिलेली रोजगार हमीची वाट २००५ मध्ये देशाने स्वीकारली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी १२५ दिवसांच्या हमीचा नवा कायदा संमत केला. त्याचे समर्थक गळतीचा दाखला देतात, विरोधक हक्काचा. बिहारचा धडा दोघांनाही अर्धाच सोयीचा आहे. नवी यंत्रणा टप्प्याटप्प्याने, सोडतीने निवडलेल्या तालुक्यांतून सुरू करणे आणि वाचलेल्या रुपयांबरोबरच मजुरी किती दिवसांनी मिळाली याचीही त्रयस्थ पाहणी करणे, हे प्रशासनाच्या आवाक्यातले काम आहे. तसे न झाल्यास पुढच्या अधिवेशनातही कोटींचे आकडेच ऐकावे लागतील.