काचबिंदूवरील अल्पछेदी शस्त्रक्रिया

काचबिंदू या विकारात बहुधा नेत्रगोलातील दाब वाढून दृक् तंत्रिकेचा क्रमाक्रमाने नाश होतो. गेलेली दृष्टी परत येत नाही. म्हणून दाब उतरवून उरलेली दृष्टी टिकविणे हेच उपचारांचे उद्दिष्ट असते. थेंब व लेसर अपुरे पडल्यास जे. ई. केर्न्स यांनी १९६८ मध्ये वर्णिलेली जालिकाछेदन शस्त्रक्रिया करतात. तीमुळे दाब पुष्कळ उतरतो. परंतु तो प्रमाणाबाहेर उतरणे, जंतुसंसर्ग इ. उपद्रव संभवतात.

अल्पछेदी पद्धतींत स्वच्छमंडलाच्या कडेला लहानसा छेद घेऊन, पुष्कळदा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेबरोबरच, नेत्रजलाच्या निचऱ्यास वाट करून देतात. आयस्टेंट ही सु. १ मिमी. लांबीची टिटॅनियमाची नलिका (अमेरिकेत मान्यता २०१२) जालिकेतून श्लेम नलिकेत बसवितात. झेन ही जिलेटिनाची ६ मिमी. लांबीची नलिका नेत्रजल नेत्रश्लेष्म्याखाली नेते. सायपास ही नलिका मात्र स्वच्छमंडलाच्या अंतःस्तरातील कोशिका घटत असल्याचे दिसून आल्याने २०१८ मध्ये बाजारातून काढून घेण्यात आली.

श्लेम नलिकेतील नेत्रजल पुढे शिरांत जात असल्याने त्या मार्गाने दाब शिरांतील दाबाखाली उतरत नाही. त्यामुळे असे उपचार सौम्य व मध्यम विकारातच योग्य ठरतात. प्रगत विकारात जालिकाछेदनाचे महत्त्व कायम आहे.