पाण्याला वाट दाखवा!

बालमित्रांनो, पावसाळ्यात तुमच्या घराच्या भिंतीला ओल येते का? आमच्या शाळेच्या एका वर्गाला यायची. शाळा टेकडीच्या उतारावर. कौलं धड, कुठे थेंब गळत नव्हता. तरीही श्रावणात मागची भिंत खालून दोन फूट काळी पडायची, जमीन पाझरायची आणि चौथीची मुलं बसकरपट्ट्या गुंडाळून व्हरांड्यात यायची. एकदा एका मुलीनं विचारलं, "बाई, पाणी वरून येत नाही, मग येतं कुठून?"

सांगा पाहू, कुठून?

अहो, जमिनीतून! टेकडीवर पडलेलं काही पाणी वाहून जातं, काही मुरतं. मुरलेलं पाणी मातीच्या फटींतून खाली उतरतं. खाली कातळ लागला, की उताराच्या बाजूनं सरकू लागतं. वाटेत भेटतो घराचा पाया. मग दिव्याच्या वातीतून तेल वर चढतं ना, तसं ते भिंतीत चढतं. अशा भिंतीला नुसता गिलावा करून काय उपयोग? तो फुगतो आणि गळून पडतो.

त्यापेक्षा पाणी भिंतीपाशी पोचण्याआधीच त्याला दुसरी सोपी वाट दिली तर? गावकऱ्यांनी श्रमदान केलं. टेकडीच्या बाजूनं, भिंतीपासून थोडं लांब, वर्गाच्या जमिनीपेक्षा खोल असा चर खणला. तळाला खडी, तिच्यावर भोकं पाडलेला पाइप, वर पुन्हा खडी. माती आत जाऊ नये म्हणून भोवती गाळणीचं कापड. उतार ठेवला दर १०० फुटांना १ फूट.

पाइपची भोकं मात्र खालच्या बाजूला बरं का! नवल वाटलं ना? चरात पाणी तळापासून भरत वर येतं. भोकं खाली असली, की ते लगेच पाइपात शिरतं.

या चराला 'फ्रेंच ड्रेन' म्हणतात. पण फ्रान्सशी त्याचा संबंध नाही! हेन्री फ्रेंच नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १८५९ साली शेतातल्या पाण्याच्या निचऱ्यावर पुस्तक लिहिलं, त्यांचं हे नाव. त्यांनी स्वतः तर पाइपऐवजी कौलंच वापरली होती. दोन कौलांमध्ये बारीक फट ठेवायची, तिच्यातून पाणी आत येई.

पुढच्या पावसात आमची भिंत कोरडी! मुलांनी टाळ्या पिटल्या. पण तिसऱ्याच दिवशी खालच्या घरातल्या आजी दारात उभ्या. "बाई, तुमचं पाणी माझ्या चुलीपाशी आलंय गं!"

आम्ही पाइपचं तोंड त्यांच्या परसाच्या वर सोडलं होतं. कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मान खाली गेली हो आमची! मुलांनी आजींची लाकडं उचलून कोरड्या जागी रचली. मोठ्यांनी उघडीप मिळताच चर थेट ओढ्यापर्यंत नेला. आपल्या घरातलं पाणी दुसऱ्याच्या घरात घालणं म्हणजे निचरा नव्हे, हा धडा त्या दिवशी आम्ही सगळेच शिकलो.

आणखी एक. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी मोहेंजोदडोच्या लोकांनी विटांची झाकलेली गटारं बांधली. मध्ये मध्ये गाळ साचायला खड्डे ठेवले. ते उपसता येत. बांधण्याइतकंच साफ ठेवणंही महत्त्वाचं, हे त्यांना ठाऊक होतं! आमची मुलंही दर वर्षी मृगाआधी पाइपच्या तोंडचा पाचोळा काढतात.

आता तुम्ही एक करून पाहा. दोन रिकामे डबे घ्या. मोठ्यांकडून त्यांच्या तळाला सारखीच भोकं पाडून घ्या. एकात चिकणमाती भरा, दुसऱ्यात खडी. दोन्हींत एकेक पेला पाणी ओता. कुठून आधी निथळतं? चरात खडी का भरतात, ते लगेच कळेल.

आणि पाऊस पडला, की घराभोवती एक फेरी मारा. आपलं पाणी कुठे जातं, ते पाहा. मुख्य म्हणजे ते कुणाच्या चुलीपाशी तर जात नाही ना?