माकडाच्या घाटावर तीन दिवस

तमिळनाडूतल्या आडुतुरैचं जुनं नाव तेन्-कुरंगाडुतुरै. कुरंगु म्हणजे माकड, तुरै म्हणजे नदीचा घाट. वालीने हाकलून दिलेल्या सुग्रीवाने इथे शंकराची आराधना केली, असं स्थळपुराण सांगतं. तो ज्या देवापुढे बसला, त्याचं नाव आपत्सहायेश्वर. मनाला आपण मर्कट म्हणतो. त्या मर्कटाला सोबत घेऊन तीन दिवस एकटं राहायचं असेल, तर याहून शोभणारं गाव मला माहीत नाही.

आज हे गाव भातामुळे ओळखलं जातं. इथलं भात संशोधन केंद्र १९२२ सालचं. इथे निघालेल्या वाणांच्या नावाआधी ‘एडीटी’ लागतं, ते आडुतुरैचंच. तंजावर–मयिलाडुतुरै रेल्वेमार्गावर गावाचं स्टेशन आहे आणि कुंभकोणम साधारण पंधरा किलोमीटरवर. मुक्काम कुंभकोणमला करून बसने ये-जा करणं सोपं पडतं. जावं जानेवारी-फेब्रुवारीत. आपला पावसाळा संपतो तेव्हा यांचा खरा पाऊस सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत चालतो. एप्रिल-मेचं ऊन तर बसूच देत नाही.

निघण्याआधी दोन कामं करायची. घरच्यांना मुक्कामाचा नंबर द्यायचा आणि अडचण आली तर तिथेच कळवायला सांगायचं, म्हणजे आपला फोन निर्धास्तपणे बंद ठेवता येतो. दुसरं, एकच प्रश्न कागदावर लिहून न्यायचा. ‘माझ्या आयुष्याचा अर्थ काय’ असला मोठा प्रश्न नको. ‘आईशी बोलताना माझा आवाज का चढतो’, एवढा पुरे.

पहिला दिवस झोपेत जातो. त्याबद्दल मनाला लावून घेऊ नये. अंगात साठलेला शीण आधी बाहेर पडतो, आणि पेंगणाऱ्या माणसाला आत डोकावता येत नाही. पोटभर जेवावं, लवकर झोपावं.

दुसरा दिवस मात्र कसोटीचा. सकाळ देवळात निघून जाते. मग दुपारी बाराच्या सुमारास देवळाचे दरवाजे बंद होतात, ते चारच्या आसपास उघडतात. मधले चार तास जायला जागा नाही, बोलायला कोणी नाही. माझा हात त्या दुपारी कितीदा तरी फोन शोधत रिकाम्या खिशात गेला. नवऱ्याशी सहा वर्षांपूर्वी झालेलं भांडण शब्दन् शब्द आठवलं. घरचा गॅस बंद केला होता का, अशी शंका आली. बॅग भरून परतावंसं वाटलं. बहुतेक लोक इथेच उठतात आणि एकांत आपल्याला मानवत नाही, असं ठरवून टाकतात. प्रत्यक्षात याच वेळी काम सुरू झालेलं असतं. रोजच्या गडबडीत दबलेलं सगळं वर येतं, कारण त्यावर टाकायला नवं काही मिळत नाही.

इगतपुरीच्या विपश्यना शिबिराची आखणी पाहिली की हे पटतं. सत्यनारायण गोएंका १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आले. त्यांनी घालून दिलेल्या दहा दिवसांच्या शिबिरात पहाटे चारला घंटा होते आणि साडेनऊला दिवे मालवतात. मध्ये दहा तासांच्या आसपास ध्यान. वाचन नाही, लेखन नाही, साधकांनी आपसांत बोलायचं नाही. पहिले तीन दिवस नाकाशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा, बस्स. शिकवण्याआधी मनाला तळ गाठू द्यायचा, ही योजना मला फार शहाणपणाची वाटते. ज्यांना घातलेली शिस्त लागते त्यांनी तिकडेच जावं. मानसिक आजारावर उपचार चालू असतील, तर कुठलाही एकांत घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

आडुतुरैत ती शिस्त घालणारं कोणी नसतं. पण मराठी माणसाला इथे एक मदत आपोआप मिळते, ती भाषेची. पाट्या वाचता येत नाहीत, शेजारच्या बाकावरच्या गप्पा कळत नाहीत. आपलं मन दिवसभर दुसऱ्यांच्या शब्दांवर किती चरत असतं, ते हा चारा बंद झाल्यावर कळतं.

चार वाजले की गोविंदपुरमला जावं. आडुतुरै आणि तिरुविडैमरुदूर यांच्या मधलं हे गाव. इथे बोधेंद्र सरस्वतींचं अधिष्ठान आहे. कांची कामकोटी पीठाच्या परंपरेत ते एकोणसाठावे आचार्य मानले जातात. सतराव्या शतकात त्यांनी या भागात रामनामाचा प्रसार केला. नदीच्या वाळूत मुलांशी खेळताना त्यांनी मुलांकडून स्वतःला वाळूत झाकून घेतलं आणि तीच त्यांची समाधी झाली, अशी कथा आहे. पुढे ती जागाच विसरली गेली. मरुदानल्लूरचे सद्गुरु स्वामी तिच्या शोधात वाळूतून फिरले. एका ठिकाणी त्यांना जमिनीतून रामनाम ऐकू आलं आणि तिथेच अधिष्ठान उभं राहिलं. या कामाला तंजावरच्या भोसले राजांनी हातभार लावल्याचं सांगतात. ही कथा खरी किती, या वादात मी पडत नाही. वाळूला कान लावून थांबलेला तो माणूस मला दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी फार जवळचा वाटला.

जवळच विठ्ठल-रुक्मिणीचं मोठं मंदिर आहे, २०११ साली उभं राहिलेलं, शिखर आपल्याकडच्या धाटणीचं. तमिळ भजनी परंपरेने मराठी अभंग आपलेसे केले आहेत. दोन दिवस एकही शब्द न समजता काढल्यावर ‘विठ्ठल’ हा शब्द कानावर पडला, तेव्हा मला रडू आलं. ते का, याचं उत्तर माझ्या कागदावरच्या प्रश्नाशी जोडलेलं निघालं.

तिसऱ्या दिवशी वही उघडायची, त्याआधी नाही. सकाळी तासभर लिहायचं आणि प्रश्नाखाली जे येईल ते येऊ द्यायचं. मला पानभर मजकुरात एकच कामाची ओळ मिळाली: आईचं बोलणं ऐकायच्या आधीच मी उत्तर तयार ठेवते. तीन दिवसांत एवढं हाती लागलं तर पुष्कळ झालं.

परतीच्या गाडीत खिडकीपाशी बसावं, भाताची खाचरं मागे जाताना पाहावीत. फोन घरी पोचल्यावर, चहा पिऊन झाल्यावर सुरू करावा. मी पहिला फोन आईला लावला आणि ती बोलायची थांबेपर्यंत ऐकत राहिले. अकरा मिनिटं लागली.