माळ्यावर जुनी प्लास्टिकची मॉडेल कार सापडली? भंगारात देण्याआधी हे वाचा

मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीत सध्या एक दृश्य सारखं दिसतं. सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली, घर रिकामं करायची तारीख ठरली आणि कित्येक वर्षं कुणी हात न लावलेला माळा खाली उतरवला गेला. पितळी भांडी, दिवाळी अंकांचे गठ्ठे, तुटका टेबल फॅन. आणि एखाद्या घरात पुठ्ठ्याचा चपटा खोका, वर जुन्या गाडीचं रंगीत चित्र, आत अर्धवट जोडलेली प्लास्टिकची कार. काकांनी कधीतरी लंडनहून किंवा दुबईहून आणलेली, मग दहावी आली आणि राहून गेलेली. भंगारवाला प्लास्टिक किलोवर घेतो, त्यामुळे तिचा निकाल दोन मिनिटांत लागतो.

मॉडेल कार जोडण्याचा छंद असणाऱ्यांचा जीव इथेच खालीवर होतो. कारण अशी गाडी बहुतेक वेळा वाचवता येते. अट एकच, उत्साहाच्या भरात चुकीची बाटली उघडायची नाही.

आधी प्लास्टिक ओळखा

जोडायच्या प्लास्टिक कार १९५० च्या दशकात लोकप्रिय झाल्या. अमेरिकेत रेव्हेलने ‘हायवे पायोनियर्स’ नावाने जुन्या मोटारींची किट विकली, ब्रिटनमध्ये एअरफिक्स या धंद्यात उतरली. १९५८ मध्ये अमेरिकेच्या एएमटीने ‘थ्री इन वन’ किट आणलं. एकाच खोक्यातून गाडी कंपनीतून निघाली तशी, हौसेने सजवलेली किंवा रेसिंगची, अशी तीन प्रकारे बनवता यायची. म्हणजे गाडी जोडून झाली तरी भाग उरणारच. खोक्याच्या तळाशी सुटे तुकडे दिसले तर ते कचरा समजून टाकू नका. हरवलेला बंपर बहुतेक तिथेच सापडतो.

ही किट पॉलिस्टायरिनची असतात. पण त्याआधीपासून एएमटीसारख्या कंपन्या मोटार डीलरसाठी तयार छोट्या गाड्या बनवायच्या, त्या सेल्युलोज ॲसिटेटच्या. हे प्लास्टिक वर्षानुवर्षं आक्रसतं आणि वाकतं. छत खाली बसलेली, मधूनच पिळवटलेली जुनी गाडी दिसली तर दोष माळ्याचा नाही, प्लास्टिकचाच आहे. ती पूर्ण सरळ होत नाही. तशीच जपावी.

घरातल्या बाटल्या: कोणती चालते, कोणती नाही

लहानपणी ब्रशने थापलेला जाड रंग काढणं हे सगळ्यात मोठं काम. पहिला हात जातो नेलपॉलिश रिमूव्हरकडे किंवा हार्डवेअरच्या दुकानातल्या थिनरकडे. इथेच गाडी मरते. ॲसिटोन पॉलिस्टायरिन विरघळवतं. दरवाजाच्या रेषा, हँडल, बॅज सगळं लोण्यासारखं पसरतं.

छंदवाले वापरतात ती दोन साधी द्रव्यं म्हणजे गाडीचं ब्रेक ऑइल (डॉट ३) आणि चक्क डेटॉल. गाडी त्यात काही तास बुडवून ठेवायची, मग जुन्या टूथब्रशने घासायची. डेटॉलची एक खोड आहे. बाहेर काढल्यावर लगेच पाण्याखाली धरलं तर सुटलेला रंग चिकट राळ होऊन बसतो. त्यामुळे आधी डेटॉलमध्येच घासून घ्यायचं आणि पाणी शेवटी. दोन्हीसाठी हातमोजे हवेत, खिडकी उघडी हवी. ब्रेक ऑइल नंतर बेसिनमध्ये ओतायचं नाही, ओळखीच्या गॅरेजमध्ये नेऊन द्यायचं. आणि आधी गाडीच्या पोटाशी, न दिसणाऱ्या जागी थेंबभर लावून बघायचं. हे सगळे सांगतात, फार थोडे करतात.

सांधे सोडवणं अवघड. मॉडेलचा गोंद कागदाच्या गोंदासारखा दोन तुकड्यांच्या मध्ये बसत नाही. त्यातलं द्रावण प्लास्टिकच वितळवतं आणि दोन भाग एकमेकांत मुरतात. ते एक प्रकारचं वेल्डिंगच असतं. जुन्या ट्यूबमधल्या गोंदाचे सांधे कधीकधी फ्रीझरमध्ये ठेवल्यावर ठिसूळ होऊन सुटतात. पक्का मुरलेला सांधा मात्र करवतीनेच कापावा लागतो आणि फट गॅरेजवाले जिला लांबी म्हणतात तशा पुट्टीने भरावी लागते.

काचा परत बसवताना फेविक्विक नको. त्याची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढरा धूसर थर धरते. तिथे साधं पांढरं फेविकॉल चालतं, सुकल्यावर दिसतही नाही. (दोन्ही अंधेरीत मुख्य कार्यालय असलेल्या पिडिलाइटचीच उत्पादनं, पण मॉडेलच्या काचेवर एक शत्रू, एक मित्र.)

टायरही तपासा. जुन्या व्हिनाइल टायरमधला मऊपणा देणारा घटक हळूहळू बाहेर झिरपतो आणि जिथे टेकेल ते प्लास्टिक वितळवतो. चाकाच्या रिमवर किंवा बॉनेटवर टायरची नक्षी उमटलेली दिसली तर कारण हेच. टायर ताबडतोब वेगळ्या पिशवीत.

मुंबईचा पाऊस आणि रंग

परदेशी पुस्तकांत न सापडणारी अडचण इथली हवा. जुलैत स्प्रे मारला की त्यातलं द्रावण उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि चकचकीत काळा रंग राखाडी, दुधाळ दिसतो. म्हणून उपनगरातल्या वन बीएचकेत या छंदाचं वेळापत्रक शेतीसारखं ऋतूंवर चालतं: पावसाळ्यात घासणं, कापणं, लांबी भरणं, रंग ऑक्टोबरनंतर.

पाण्यात भिजवून चिकटवायचे नंबर आणि पट्ट्या, म्हणजे डिकल, पिवळे पडले असतील तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला लावतात. काही दिवसांत पिवळेपणा उतरतो. अर्थात त्यालाही ऊन हवं.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवीन किट का नाही? कारण महाग पडतं. सीमाशुल्काच्या यादीत स्केल मॉडेल खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. त्यावर जीएसटी वेगळा.

आणि आपल्या पद्मिनीचं काय?

एलबीएस मार्गाने मुलुंडहून घाटकोपर ओलांडून कुर्ल्याला आलं की जिथे आज कोहिनूर सिटी आहे, तिथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये कंपनी काढली. १९५४ च्या सुमारास इथे फियाट ११०० आली. मराठी माणसाने तिच्या गोलसर अंगाकडे बघून तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटलं. १९६४ मध्ये ११०० डिलाइट आली आणि १९७४ मध्ये तीच गाडी प्रीमियर पद्मिनी झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षं, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली.

पण रेव्हेल, एएमटी, जपानची तामिया, कुणीच पद्मिनीचं किट काढलं नाही. अमेरिकेत आजोबांची शेव्हरोले खोक्यात मिळते. मुंबईत आजोबांची टॅक्सी स्वतः घडवावी लागते. पॉलिस्टायरिनच्या शीटमधून कापून किंवा थ्रीडी प्रिंटरवर रेझिनमध्ये. रेझिनला मॉडेलचा गोंद लागत नाही, तिथे इपॉक्सी किंवा फेविक्विकच.

खरी गाडी साधारण ३.९ मीटर लांब, म्हणजे १:२४ प्रमाणात सुमारे १६ सेंटीमीटर. मागचे छोटे पंख घासून आणणं सगळ्यात जिकिरीचं. कॅरिअर बारीक तारेचा. आणि डाव्या बाजूला बाहेर लावलेला तो लोखंडी मीटर, पाडायच्या झेंड्यासकट, नखाएवढा. तो नसेल तर ती मुंबईची टॅक्सी नाही, नुसती काळी फियाट.

मापं घ्यायची तर आत्ताच घ्यावीत. खासगी पद्मिनी अजून काही सोसायट्यांच्या आवारात ताडपत्रीखाली उभ्या आहेत, आणि रिडेव्हलपमेंटमध्ये पार्किंगही रिकामं होतं. मालकाला विचारून टेप लावा, चारही बाजूंनी, छताच्या उंचीवरून आणि गुडघ्याच्या उंचीवरून फोटो काढा. आणि कुठे जुनी टॅक्सी उभी दिसलीच, तर रंगाच्या दुकानातली शेडकार्डची पट्टी छताशेजारी धरून नंबर लिहून घ्या. फोटोतला पिवळा प्रत्येक मोबाइलवर वेगळाच येतो.