बॅटरीवरचा रेडिओ मेलेला नाही

माळा झाडताना लाकडी पेटीचा जुना रेडिओ निघतो आणि घरातलं कोणीतरी ठामपणे सांगतं, "याची बॅटरीच आता निघत नाही. मेला तो." नगर जिल्ह्यात पारनेरपासून शेवगावपर्यंत हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय, की आता राग येतो. कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो: भंगारवाला किती देईल?

बॅटरी निघत नाही, हे खरं. रेडिओ मेला, हे साफ खोटं.

वीज न पोचलेल्या खेड्यांसाठी बनलेल्या या व्हॉल्व्ह रेडिओंपैकी बहुतेकांना दोन वेगळे पुरवठे लागतात. व्हॉल्व्हमधली बारीक तार, म्हणजे फिलामेंट, तापवायला दीड व्होल्ट आणि व्हॉल्व्हमधून प्रवाह खेळवायला साधारण ९० व्होल्ट. ती नव्वदची बॅटरी म्हणजे पुठ्ठ्याच्या खोक्यात माळेसारखे जोडलेले दीड व्होल्टचे ६० छोटे सेल. आज दुकानात मिळणाऱ्या नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीत असे सहा सेल असतात. अशा दहा बॅटऱ्या एकीची धन दुसरीच्या ऋणाला, अशा जोडल्या की झाले ६०! फिलामेंटला टॉर्चचा एक मोठा सेल वेगळा द्यायचा.

पुरेल किती? डीके९१, डीएफ९१, डीएएफ९१ आणि डीएल९२ ही व्हॉल्व्हची नेहमीची चौकडी घ्या. कंपन्यांच्या माहितीपत्रकांनुसार पहिल्या तिघांची फिलामेंट प्रत्येकी ५० मिलिअँपिअर घेते, चौथ्याची १००. नव्वदच्या बाजूने साधारण दहा. चांगल्या अल्कलाइन बॅटऱ्यांवर ५० तासांच्या आसपास ऐकता येतं. म्हणजे "व्हॉल्व्हचा रेडिओ वीज फार खातो" हेही इथे लागू नाही. सगळा खर्च सव्वा वॉटच्या घरात आहे.

आता दुसरं टोक. "डायोड लावून थेट मेन्सवर चालवा," असं सांगणारे कारागीर मला भेटले आहेत. कृपा करून हे करू नका. २३० व्होल्टच्या मेन्सचं शिखर सव्वातीनशे व्होल्टचं असतं, आणि ट्रान्सफॉर्मर मधे नसेल तर रेडिओचा पत्राच जिवंत होतो. हात लागला की माणूस जाऊ शकतो. नव्वद व्होल्टसुद्धा खेळणं नव्हे. ते चुकून फिलामेंटला लागले तर चारही व्हॉल्व्ह क्षणात जळतात. म्हणून व्हॉल्व्ह काढून ठेवा, मीटरने सॉकेटवर मोजा आणि मगच ते बसवा. त्याआधी जुने कागदी कंडेन्सर बदला. ते गळके झालेले असतात आणि व्हॉल्व्ह व बॅटरी दोन्ही खातात.

व्हॉल्व्ह उजळत नाही म्हणून गेला, असं नसतं. बॅटरीच्या व्हॉल्व्हची तार जेमतेम लाल होते. तो तापायची वाटही पाहावी लागत नाही. नगर आकाशवाणीचं एफएम लागत नाही, कारण या पेट्यांत तो बँडच नाही; बिघाड शोधू नका. मोबाइलचा लिथियम सेल फिलामेंटला चालत नाही, त्याचे ३.७ व्होल्ट ती जाळतात.

एवढा खटाटोप कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी: १९५६ साली पुणे आकाशवाणीने शेतकऱ्यांसाठी अर्ध्या-अर्ध्या तासाचे २० कार्यक्रम केले. नगरसह पाच मराठी जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत लोक एकत्र बसून ते ऐकत आणि नंतर चर्चा करत. शंका असेल त्यांनी माथुर आणि नॉयराट यांचा युनेस्कोने १९५९ साली छापलेला अहवाल पाहावा. आपल्या गावांचा हा इतिहास किलोच्या भावाने जातो, याचं मला वाईट वाटतं.

तेव्हा पेटी खाली घ्या, मागचा पुठ्ठा काढा आणि व्हॉल्व्हवरची अक्षरं वाचा. बहुतेक नावं 'डी'ने किंवा '१'ने सुरू होत असतील, तर संच बॅटरीचा आहे. 'ई' असेल तर तो मेन्सचा किंवा सहा व्होल्टच्या मोटार-बॅटरीवरचा. त्याला ही दहांची माळ लावू नका. किती व्होल्ट हवेत ते बहुधा आतल्या कागदावर छापलेलं असतं. काहींना ६७.५ लागतात. तो कागद फाडू नका.