परक्या शहरातला मोर्चा आणि आपण



मागच्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी एका बाईंनी आम्हाला गाठलं. म्हणाल्या, "सर, तुम्ही जन्मभर नीतिशास्त्र शिकवलंत. माझा मुलगा आणि सून दर वर्षी कुठे ना कुठे परदेशी फिरायला जातात. तिथे एकाएकी आंदोलन पेटलं तर त्यांनी काय करायचं, हे तुमच्या शास्त्रात कुठे लिहिलंय का?" आम्ही हसून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र वाटलं की प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तेव्हा आजचा विषय त्या बाईंनी दिलेला आहे असं समजा.

उदाहरण जवळचं घेऊ, नेपाळचं. आपल्याला परदेश वाटतच नाही असा हा परदेश. पशुपतिनाथ, मुक्तिनाथ करायला आपल्याकडून किती लोक जातात! व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. म्हणून आपण तयारीही नाशिक-त्र्यंबकेश्वरला निघाल्यासारखीच करतो. आता २०२५चा सप्टेंबर आठवा. ४ तारखेला तिथल्या सरकारनं नोंदणी केली नाही म्हणून २६ समाजमाध्यमांवर बंदी घातली. त्यात फेसबुक, यूट्यूब होतं, तसंच आपलं व्हॉट्सअ‍ॅपही होतं. ८ तारखेला तरुण मुलं काठमांडूच्या रस्त्यावर आली. राग नुसत्या बंदीवर नव्हता, भ्रष्टाचारावर होता, पुढाऱ्यांच्या मुलांच्या ऐषारामावर होता. गोळीबार झाला, त्या एका दिवसात १९ जण गेले. ९ तारखेला संसद, सिंहदरबार, सर्वोच्च न्यायालय पेटवलं गेलं, पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, विमानतळ बंद झाला, तुरुंगांतून हजारो कैदी पळाले आणि रात्री लष्करानं सूत्रं हाती घेतली. १२ तारखेला सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या. सगळ्या घटनांत मिळून सत्तरहून अधिक माणसं दगावली.

तारखा मुद्दाम सांगितल्या. ४ ते ९, म्हणजे सहा दिवस. आणि खरी उलथापालथ झाली ती शेवटच्या दोन दिवसांत. आपली सहल साधारण तेवढीच असते, नाही का? म्हणजे निघताना सगळं शांत होतं, या वाक्याला फारसा अर्थ राहत नाही.

अशा वेळी लोक म्हणतात, "आम्ही कुणाच्या अध्यात ना मध्यात. आम्हाला कोण काय करणार?" या वाक्यात एक तर्कदोष आहे. गर्दीला तुमचा हेतू दिसत नाही. तिला तुमची जागा दिसते, कपडे दिसतात, हातातला कॅमेरा दिसतो. हाँगकाँगमध्ये २०१९ साली काळा शर्ट हा आंदोलकांचा पोशाख झाला होता. त्या २१ जुलैच्या रात्री युएन लाँग स्टेशनात पांढरे कपडे घातलेल्या टोळीनं काठ्या घेऊन माणसांना झोडपलं. काळ्या कपड्यांवर त्यांचा विशेष राग होता, पण साधे प्रवासीही सुटले नाहीत. आता एखाद्या पर्यटकानं सहज, मळत नाही म्हणून काळा शर्ट घातला असेल तर? त्याच्या दृष्टीनं तो नुसता शर्ट, रस्त्याच्या दृष्टीनं ती एक बाजू. तेव्हा जाल तिथे सध्या कुठला रंग, कुठली टोपी, कुठला झेंडा काय सांगतो, एवढं आधी विचारून घ्या.

मग सुरक्षित राहायचं म्हणजे काय? "हॉटेलात बसून राहा" हा सगळ्यांना पाठ असलेला नियम आहे. बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. पण ९ सप्टेंबरला काठमांडूत मोठमोठी हॉटेलंही जळली, हिल्टन जळलं. म्हणजे नियम खोटा ठरला का? तसं नाही. नियमामागचं कारण आपण विसरलो होतो. हॉटेल सुरक्षित असतं ते चार भिंती असतात म्हणून नव्हे, तर लोकांच्या रागापासून ते दूर असतं म्हणून. जे हॉटेल लोकांना सत्तेचं आणि पैशाचं प्रतीक वाटतं, ते रागापासून दूर राहत नाही. नियम पाठ करणं वेगळं आणि नियमाचं कारण समजणं वेगळं, हे आम्ही वर्गात चाळीस वर्षं सांगत आलो. इथे तो फरक जिवावर बेतू शकतो.

म्हणून आम्ही तीन प्रश्न सुचवतो. पहिला, राग कुणावर आहे? सरकारवर असेल तर संसद, मंत्रालयं, पुढाऱ्यांची घरं, पोलीस चौक्या, यांच्यापासून लांबचं राहणं शोधा. दुसरा, लोक जमतात कुठे? प्रत्येक शहराची ठरलेली जागा असते. काठमांडूत माइतीघर आणि नवीन बानेश्वर, कोलंबोत गॉल फेस. तुमचा विमानतळाचा रस्ता त्या चौकातून जातो का, हे पहिल्याच दिवशी नकाशावर बघून ठेवा. तिसरा, जमतात केव्हा? आंदोलनाला पंचांग असतं. निकालाचा दिवस, कुणाची अंत्ययात्रा, एखाद्या घटनेचं वर्ष, शुक्रवारची नमाज. फ्रान्समध्ये २०१८च्या नोव्हेंबरपासून पिवळ्या जाकिटांचं आंदोलन झालं ते शनिवार धरून. ८ डिसेंबरच्या शनिवारी पॅरिसमध्ये आयफेल टॉवर आणि लूव्र बंद ठेवले होते. ज्याला वार कळला त्यानं शनिवारी गावाबाहेर जायचं ठरवलं, इतकं ते सोपं होतं.

आता सरकार काय करतं, तेही बघा. सरकारच्या हातात साधारण तीन गोष्टी असतात: संचारबंदी, इंटरनेट आणि विमानतळ. बांगलादेशात २०२४च्या जुलैत इंटरनेट बंद झालं. ब्रॉडबँड पाचेक दिवस आणि मोबाइलचं नेट दहाएक दिवस नव्हतं. आपलं आजचं प्रवासी आयुष्य सगळं फोनमध्ये. तिकीट फोनमध्ये, नकाशा फोनमध्ये, पैसे फोनमध्ये. नेट गेलं की माणूस एका क्षणात निरक्षर होतो. म्हणून कागद! तिकीट, विमा, पासपोर्टची झेरॉक्स, हॉटेलचा पत्ता स्थानिक लिपीत, दूतावासाचा आपत्कालीन क्रमांक, हे सगळं कागदावर. तीन-चार दिवस पुरतील एवढे तिथल्या चलनातले सुटे पैसे. रोजची औषधं ठरल्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त. आमच्या वयाच्या मंडळींनी हे शेवटचं विसरू नये. संचारबंदीत औषधाचं दुकान उघडं सापडेलच असं नाही. अनेक ठिकाणी विमानाचं तिकीट दाखवलं तर संचारबंदीतही विमानतळाकडे जाऊ देतात, पण हे गृहीत धरू नका, हॉटेलातून विचारून घ्या. आणि विम्याची कागदपत्रं निघण्याआधी वाचा. दंगल, बंड, युद्ध यांतून होणारं नुकसान पुष्कळ पॉलिसींमध्ये वगळलेलं असतं.

एक हकिगत सांगतो, आमच्या फजितीची आहे. आमचा एक जुना विद्यार्थी त्या सप्टेंबरात आई-वडिलांना घेऊन काठमांडूला गेला होता. पाटणच्या एका गल्लीत साधं गेस्ट हाउस. ९ तारखेला संध्याकाळी त्याचा फोन आला. विमानतळ बंद, वडील पंच्याहत्तरीचे. "सर, काय करू?" आम्ही पुण्यात, टीव्हीसमोर, आगीच्या ज्वाळा बघत बसलेलो. आम्ही ठामपणे सांगितलं, "गाडी कर आणि रातोरात सुनौलीची सीमा गाठ." तो बरं म्हणाला. खाली काउंटरवर वीसेक वर्षांचा एक मुलगा होता, त्याला त्यानं गाडीचं विचारलं. मुलगा म्हणाला, "रस्त्यावर टायर जळताहेत, कैदी सुटलेत, आज रात्री कुठेही जाऊ नका. ही गल्ली शांत आहे. डाळ-भात मी करतो." विद्यार्थ्यानं आमचं ऐकलं नाही, त्या मुलाचं ऐकलं. तीन दिवसांनी तिघंही सुखरूप परतले. आमच्या सल्ल्याप्रमाणे निघाले असते तर काय झालं असतं, हा विचार आम्ही अजून पुरता करू शकत नाही.

यातून आम्ही दोन गोष्टी शिकलो. एक म्हणजे लांबून चित्र स्पष्ट दिसतं असं वाटतं, पण टीव्हीवर फक्त आग दिसते, शांत गल्ली कधी दिसत नाही. त्यामुळे घरच्यांनी फोनवरून हुकूम सोडू नयेत. "ठीक आहेस ना, रोज एकदा कळव" एवढंच म्हणावं. दुसरी, निघायचं असेल तर लवकर निघावं, पहिल्या ठिणगीला. ती वेळ गेली तर थांबावं. सगळ्यांत वाईट ती मधली अवस्था, रस्त्यात अडकण्याची.

आता जरा तत्त्वज्ञानाकडे येऊ. त्याशिवाय आम्हाला चैन पडणार नाही. इमॅन्युएल कांट हा कोनिग्झबर्गचा प्रांत सोडून कधी बाहेर गेला नाही, पण प्रवाशाच्या हक्काबद्दल त्यानं फार मोलाचं लिहिलं आहे. १७९५ साली चिरंतन शांततेवर लिहिलेल्या निबंधात तो म्हणतो की परक्या भूमीवर आलेल्या माणसाला, तो शांतपणे वागतो तोवर, शत्रूसारखं वागवलं जाऊ नये. हा त्याचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे. पण हा भेटीचा हक्क आहे, पाहुणचार मागण्याचा नाही. आपण तिथे भेटीला गेलो आहोत. घर त्यांचं, घरातलं भांडणही त्यांचं. म्हणून मोर्चात सामील होऊ नये, घोषणा कितीही पटली तरी. अनेक देशांत पर्यटक व्हिसावर आंदोलनात भाग घेणं हा व्हिसाच्या अटींचा भंग धरतात. आपल्याकडेच २०१९च्या डिसेंबरात एका जर्मन विद्यार्थ्याला आणि एका नॉर्वेजियन पर्यटक बाईंना याच कारणावरून देश सोडावा लागला होता. ते योग्य की अयोग्य यावर आपण वेगळा वाद घालू. तुम्हाला ताब्यात घेतलंच, तर आपल्या दूतावासाला कळवण्याची मागणी शांतपणे करा. १९६३च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे तो तुमचा हक्क आहे.

याच कांटनं पुढे १७९८ साली फ्रेंच राज्यक्रांतीबद्दल आणखी एक गोष्ट लिहिली. लांबून ती क्रांती पाहणाऱ्यांच्या मनात जी सहानुभूती उसळली, ती माणसाच्या नैतिक प्रगतीची खूण आहे, असं त्याला वाटत होतं. म्हणजे प्रेक्षक असणं वाईट नाही. मात्र तो प्रेक्षक लांबचा होता. आम्ही एकदा जवळचे प्रेक्षक झालो होतो, ते सांगतो आणि थांबतो.

२००६चा एप्रिल. राजा ज्ञानेंद्र यांच्याविरुद्धचं आंदोलन १९ दिवस चाललं, तेव्हा एका चर्चासत्रासाठी आम्ही काठमांडूत होतो. चर्चासत्र रद्द झालं. संचारबंदी थोड्या वेळासाठी उठली, तेव्हा "इतिहास घडतोय, बघून येऊ" म्हणून आम्ही बाहेर पडलो. मोर्चा दिसला, आम्ही पुढे पुढे गेलो. अश्रुधुराची नळकांडी फुटली, लोक पळाले, आम्हाला काही दिसेना. कुणीतरी दंडाला धरून एका दुकानात ओढलं आणि शटर खाली घेतलं. किराणा दुकानदार होता. डोळ्यांना पाणी लावायला दिलं. शटर अर्धवट उघडून तो सारखा बाहेर बघत होता. आम्ही म्हटलं, "बंद करा, धूर येतोय." तो म्हणाला, "माझा मुलगा बाहेर आहे, मास्तरजी." मग आमच्याकडे बघून त्यानं शटर पूर्ण खाली ओढलं.

आमच्यासाठी ओढलं. मुलगा बाहेर असताना. तो मुलगा त्या मोर्चात होता, कारण त्याचं काही तिथे पणाला लागलं होतं. आमचं काय होतं? कुतूहल. तासाभरानं दुकानाच्या मागच्या दारानं त्यानं आम्हाला गल्लीत पोचवलं आणि दोन दिवसांनी आम्ही परतलो. मुलगा घरी आला का, हे विचारायला आम्ही पुन्हा त्या दुकानात गेलो नाही. जायला हवं होतं.

तेव्हा बाईंच्या प्रश्नाचं उत्तर असं. मुलाला आणि सुनेला सांगा की कागद जवळ ठेवा, तीन प्रश्न विचारा, काउंटरवरच्या मुलाचं ऐका. आणि मोर्चा बघायला जाऊ नका, फोटो काढायला तर नाहीच. आपण संकटात सापडलो की तिथल्या कुणाला तरी आपलं सोडून आपल्याकडे बघावं लागतं. परदेशात सुरक्षित राहणं ही नुसती स्वतःची काळजी नाही, ती यजमानावर टाकायच्या ओझ्याचीही काळजी आहे.

आता प्रश्न घेऊ. त्या बाई आल्या असतील तर पहिला मान त्यांचा.